भिंतीला भोक न पाडता फोन

नळदुर्गच्या किल्ल्यात, बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. इब्राहिम आदिलशाह दुसऱ्याच्या काळातला. पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन्ही धबधबे कोसळत असतात आणि महालात उभा असलेला माणूस कोरडाच राहतो. अशा बांधकामातून फोनची केबल न्यायची म्हटलं, तर ड्रिल लावायचं कुठे? कुठेच नाही. किल्ला राज्य संरक्षित स्मारक आहे. शिवाय तांब्याची लॅन केबल एका दमात 100 मीटरपर्यंतच नेता येते आणि इथला तट त्याच्या कितीतरी पट लांब आहे.

अडचण एकट्या किल्ल्याची नाही. याच धाराशिव जिल्ह्यात जुन्या दगडी वाड्यांत भरणारी कार्यालयं आहेत. साखर कारखान्यांचे वजनकाटे मुख्य इमारतीपासून दूर असतात आणि मधल्या रस्त्यावर हंगामभर उसाचे ट्रॅक्टर धावतात. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पुरलेल्या केबलला ताण देत राहते. वळवाच्या दिवसांत विजा कडाडतात. दोन इमारतींना जोडणारी तांब्याची लांब तार म्हणजे त्या विजेच्या लोटाला थेट यंत्रापर्यंत वाट. अशा जागी टेबलावरचे इंटरनेट फोन बिनतारी जोडणं हाच शहाणा मार्ग आहे, असं मला वाटतं.

खिशात मोबाइल असताना टेबलावरचा फोन कशाला, हा प्रश्न रास्त आहे. मोबाइल माणसाचा असतो, टेबलावरचा फोन जागेचा. आरोग्य केंद्रातल्या नर्सची पाळी बदलते, पहारेकरी बदलतो, नंबर मात्र तोच राहतो. रात्री दोन वाजता फोन करणाऱ्याला तो नंबर पाठ असतो, आणि पलीकडे कोण बसलंय हे ठाऊक असण्याची त्याला गरज नसते.

बिनतारी टेबलफोन आपल्याकडे नवाही नाही. तार पोहोचत नव्हती अशा देशभरातल्या दीड लाखाहून अधिक खेड्यांत पूर्वी ‘एमएआरआर’ या रेडिओ यंत्रणेवर सार्वजनिक फोन बसवले होते. त्यांतले बरेच बंदच असायचे, म्हणून पुढे ते बदलावे लागले. 1990च्या दशकात मद्रास आयआयटीत अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कॉरडेक्ट’ घडवली. घराच्या भिंतीवर अँटेनाला जोडलेली एक पेटी आणि त्या पेटीला साधा फोन. मनोरा थेट दिसत असेल तर दहा किलोमीटरपर्यंत आवाज पोहोचायचा. त्यानंतर बीएसएनएलचे डब्ल्यूएलएल फोन गावोगावी आले. आजचं वाय-फाय म्हणजे तीच कल्पना, फक्त आवाजाऐवजी आकड्यांची पाकिटं नेणारी.

ही पाकिटं नीट समजून घेण्यासारखी आहेत. नेहमीच्या पद्धतीत इंटरनेट फोन आवाजाचं माप सेकंदाला 8,000 वेळा घेतो आणि दर 20 मिलिसेकंदांचा आवाज एका पाकिटात भरतो. म्हणजे सेकंदाला 50 पाकिटं. प्रत्येकात 160 बाइट आवाज आणि वर पत्त्याबित्त्याचे 40 बाइट. हिशेब होतो सेकंदाला 80 किलोबिट. चित्रपट पाहायला लागतं त्याच्या तुलनेत हे काहीच नाही. पण चित्रपट काही सेकंद आधी साठवून ठेवता येतो, संभाषण नाही. बोललेला शब्द दीडशे मिलिसेकंदांच्या आत पलीकडे पोहोचावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. उशीर त्याहून बराच वाढला की दोघं एकमेकांचं बोलणं तोडू लागतात.

वाय-फायची खरी कसोटी इथेच लागते. एका वाहिनीवर साधारणपणे एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं. बाकीच्यांनी आधी ऐकायचं, हवा मोकळी झाली की क्षणभर थांबायचं, मग बोलायचं. एसटीच्या दाराशी प्रत्येकाने आत शिरण्यापूर्वी थबकावं, तसं. चढणारा किडकिडीत असला तरी थबकण्याचा वेळ तेवढाच जातो. म्हणूनच 11 मेगाबिटच्या जुन्या वाय-फायवर कागदोपत्री साठेक संभाषणं बसायला हवी होती. प्रत्यक्षात ती डझनाच्या आसपासच अडत. 2005 साली आलेल्या 802.11ई या मानकाने आवाजाच्या पाकिटांना कमी थांबण्याची सवलत दिली. राउटरमध्ये हे प्राधान्य चालू आहे का आणि फोन आपल्या पाकिटांवर तशी खूण करतो का, हे वेगाचा आकडा विचारण्याआधी तपासावं.

आता दगड. 2.4 गिगाहर्ट्‌झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब, 5 गिगाहर्ट्‌झची सहा. काही फूट जाडीच्या बेसॉल्टमध्ये दोन्ही विरून जातात आणि भिंत ओली असेल तर आणखीच लवकर. तेव्हा भिंतीशी झुंजू नये. दार, खिडकी, सज्जा, बुरुजाचा माथा अशा मोकळ्या वाटा शोधाव्यात. नळदुर्गहून बंधाऱ्यापलीकडच्या रणमंडळ किल्ल्याकडे पाहिलं की हे लगेच ध्यानात येतं. समोरासमोर रोखलेल्या दोन अँटेना मधली नदी सहज ओलांडतात. मात्र नुसती नजर पोहोचून भागत नाही. 5.8 गिगाहर्ट्‌झवर एक किलोमीटरच्या जोडणीत मधोमध लहरीला सुमारे साडेतीन मीटर त्रिज्येचा पट्टा लागतो आणि त्यातला निदान साठ टक्के भाग मोकळा असावा लागतो. उन्हाळ्यात लावलेली अँटेना श्रावणात बिघडल्यासारखी वाटली, तर मधल्या पालवलेल्या झाडाकडे आधी पाहावं.

या लहरींना परवाना लागत नाही. 2.4 गिगाहर्ट्‌झचा पट्टा 2005 साली, तर 5 गिगाहर्ट्‌झचे मोठे पट्टे 2018 साली भारतात खुले झाले. खुल्या जागेत गर्दीही होते. तुळजापुरात नवरात्रात हजारो भाविकांचे मोबाइल त्याच हवेत असतात आणि माणसांची शरीरंही लहरी शोषतात. तिथली चाचणी एरवीच्या निवांत दुपारी करून उपयोग नाही, ती गर्दीतच करायला हवी. फोनसाठी 5 गिगाहर्ट्‌झ राखून ठेवणं बरं.

उपकरणं मात्र साधी आहेत. काही फोनमध्ये वाय-फाय आतच असतं. नसेल तर ‘ब्रिज’ नावाची छोटी डबी एका बाजूने वाय-फाय पकडते आणि दुसऱ्या बाजूला लॅनचं भोक देते. त्यात कुठलाही इंटरनेट फोन लावता येतो. पण तारेसोबत एक सोयही जाते. जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजच्या बॅटरीतून 48 व्होल्ट मिळत, म्हणून वीज गेली तरी तो फोन चालू राहायचा. इंटरनेट फोनलाही केबलमधूनच वीज देता येते. बिनतारी फोनला अॅडॉप्टर लागतो, ब्रिजला दुसरा, राउटरला तिसरा. भारनियमनाच्या वेळी आरोग्य केंद्रातला फोन वाजायला हवा असेल, तर हे तिन्ही, शिवाय पलीकडच्या टोकाची अँटेनाही, इन्व्हर्टरवर असायला हवी.