कार्ब ट्युनिंग : गिऱ्हाईकाला आधी विचारा, मूठ किती पिळल्यावर गाडी अडखळते?



डर्ट बाईकच्या कार्बवरचा व्हिडिओ बघितला असेल, तर हात कसा चालवायचा ते तुम्ही पाहिलंच आहे. व्हिडिओत बोलायचं राहून जातं ते इथे लिहून देतोय, खास करून ज्यांना स्वतःचं गॅरेज टाकायचंय त्यांच्यासाठी.

आता कार्ब शिकून उपयोग काय, असं बरेच जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि नव्या गाड्या बहुतेक इंजेक्शनवर गेल्या. हिरोची एक्सपल्स २०० आधी कार्बवर मिळायची, ती पण त्यानंतर फक्त इंजेक्शनवर यायला लागली. पण मातीत पळवायला हौसेने ठेवलेल्या गाड्या बघा : आरएक्स १००, जुनी इम्पल्स, कुणाकडे बाहेरून आणलेली टू-स्ट्रोक मोटोक्रॉस. या सगळ्या कार्बवरच आहेत, आणि त्यांचे मालक नीट काम करणारा माणूस शोधत लांबून येतात. माझ्या मते छोट्या गॅरेजला नाव मिळवून देणारं हे काम आहे. अट एकच, अंदाजपंचे करायचं नाही.

गिऱ्हाईक येऊन सांगतं, "गाडी मिसिंग मारते, पिकअप नाही." बरेच मेकॅनिक लगेच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन स्लो सेट करायला बसतात. तुम्ही आधी विचारायचं : मूठ किती पिळल्यावर? कारण कार्बमध्ये एकच वाट नसते. मूठ बंद ते पाव भाग उघडी असते तेव्हा मुख्यतः पायलट जेट पेट्रोल देतं. पाव ते पाऊण या पट्ट्यात निडल. पाऊणच्या पुढे मेन जेट. या हद्दी एकमेकींत थोड्या मिसळतात, पण निदानाला एवढं पुरतं. ज्याचा त्रास अर्ध्या मुठीत आहे, त्याचा स्लो दिवसभर फिरवलात तरी गाडी तशीच राहणार.

म्हणून मुठीवर आणि शेजारच्या स्विचच्या हाऊसिंगवर पांढरी चिकटपट्टी लावा आणि मार्करने बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा. मोकळ्या, बंदिस्त मैदानात गाडी फिरवून यायला सांगा. रस्त्यावर नको.

जेटला हात लावायच्या आधी बाकीचं तपासून घ्या. फिल्टरचा फोम धुवून तेल लावलेला हवा. कार्ब आणि इंजिनमधल्या रबराला चीर नको, तिथून हवा ओढली गेली तर कुठलंच सेटिंग टिकत नाही. प्लग चांगला, फोर-स्ट्रोकला टॅपेट बरोबर, फ्लोटची उंची बरोबर, पेट्रोल ताजं. पेट्रोलचं थोडं जास्त सांगतो. आता पंपावर ई२० मिळतं, म्हणजे त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण थोडं लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. शिवाय ते ओलावा धरतं. तीन-चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीचं पायलट जेट चोंदलेलं निघालं तर नवल नाही. अशा गाडीला ट्युनिंगची नाही, सफाईची गरज असते, आणि ते गिऱ्हाईकाला सरळ सांगावं.

आता क्रम. यावर दोन मतं आहेत. काही जण खालून सुरू करतात, मी मेन जेटपासून. कारण टू-स्ट्रोकमध्ये फुल रेसला मिश्रण लीन राहिलं तर इंजिन तापून पिस्टन जाम होतो, आणि मग ट्युनिंगला आलेली गाडी बोअरिंगला जाते. शिव्या तुम्हाला.

इंजिन गरम झाल्यावर पूर्ण मूठ पिळून पळवा. मूठ किंचित मागे घेतल्यावर गाडी उलट जोर धरत असेल तर मेन जेट लहान आहे. वरच्या रेसला घरघर करून अडकत असेल, धूर काळपट असेल, तर मोठं आहे. खात्रीसाठी नवा प्लग लावा, फुल रेसमध्येच क्लच दाबून किल स्विच मारा, गाडी थांबवा आणि प्लग काढून बघा. कॉफीसारखा तपकिरी चांगला. पांढराफटक म्हणजे लीन, काळी काजळी म्हणजे रिच. जेट एका वेळी एकच नंबर बदला. मिकुनी आणि केहिनचे नंबर एकमेकांशी जुळत नाहीत हे लक्षात ठेवा. आणि तार घालून जेटचं भोक मोठं करणं हा प्रकार तुमच्या दुकानात नकोच. वाचलेले पैसे थोडे, आणि नंतर त्या जेटचा नंबर काय हे देवालाच ठाऊक.

मग निडल. गुळगुळीत पॉवर म्हणतात ती इथेच असते, कारण वळणातून बाहेर पडताना, चढावर, दगडगोट्यांत चालवणाऱ्याची मूठ बहुतेक वेळ मध्येच असते. निडलच्या वरच्या टोकाला खाचा असतात आणि त्यात क्लिप. क्लिप खालच्या खाचेत टाकली की निडल वर येते आणि पेट्रोल वाढतं. वरच्या खाचेत टाकली की कमी होतं. हे उलटं वाटतं आणि नवी मुलं इथेच फसतात, म्हणून भिंतीवर लिहून ठेवा. एक खाच बदला, फिरवून या, मगच दुसरी.

शेवटी पायलट. स्लो जरा वाढवून स्क्रू हळूहळू फिरवा, रेस सगळ्यात वर जाते तिथे थांबा, मग स्लो पुन्हा खाली घ्या. पण स्क्रू कुठला ते आधी ओळखा. आरएक्स १०० सारख्या मिकुनी कार्बला तो एअर फिल्टरच्या बाजूला असतो, तो हवेचा : बाहेर काढला की लीन. बऱ्याच फोर-स्ट्रोक गाड्यांना इंजिनच्या बाजूला असतो, तो पेट्रोलचा : बाहेर काढला की रिच. हवेचा स्क्रू एक फेऱ्याच्या आतच बरा वाटत असेल तर पायलट जेट लहान आहे, अडीच फेऱ्यांच्या पुढे गेला तर मोठं. मूठ सोडल्यावर रेस लगेच खाली न येता लटकून राहत असेल तर लीन समजा.

जागा बदलली की सेटिंगही हलतं. अलिबागला किनाऱ्यावर छान चालणारी गाडी महाबळेश्वरला, साधारण १,३५० मीटरवर, रिच वाटेल, कारण तिथे हवा विरळ. थंडीत पहाटे उलटं, हवा दाट म्हणून लीन. त्यामुळे प्रत्येक गाडीची वही ठेवा : आधीचे आणि नंतरचे जेट नंबर, क्लिपची खाच, स्क्रूचे फेरे, जागा, महिना. रस्त्यावर चालणारी गाडी असेल तर पीयूसीही करून घ्यायला सांगा.

आता पैशाचं. धरा, भाडं, लाईट, पोऱ्याचा पगार आणि तुमचा स्वतःचा पगार मिळून दिवसाला १,६०० रुपये खर्च. आठ तास काम, म्हणजे तासाला २००. वरचं सगळं नीट करायला अडीच तास लागले तर ५०० रुपये नुसता खर्च झाला, त्यात प्लग नाही, जेट नाही, नफा नाही. शेजारचा २०० रुपयांत "कार्ब सेट" करून देतो म्हणून तुम्हीही तेवढेच घेतलेत, तर प्रत्येक गाडीमागे ३०० रुपये खिशातून घालताय. म्हणून ट्युनिंग सर्व्हिसिंगमध्ये मोफत घालू नका, बिलावर वेगळी ओळ लिहा, आणि गाडी देताना वहीतलं पान गिऱ्हाईकाला दाखवा. मुठीवरची पट्टीही काढू नका. त्याला स्वतःला एक चक्कर मारू दे, आणि आल्यावर विचारा, आता कुठे अडखळते?

फ्लोटची उंची कशी मोजायची, ते पुढच्या व्हिडिओत.