‘वडील हयात आहेत का?’

हॉस्टेलला आल्यावर पहिल्या आठवड्यात रूमपार्टनरपासून सरांपर्यंत सगळे एकच विचारतात, ‘वडील काय करतात रे?’ मी सांगतो, ‘आई नोकरी करते.’ बहुतेक जण तिथेच थांबतात. काही जण मात्र चेहरा पाडतात, आणि मग मलाच त्यांची समजूत काढत बसावं लागतं!

मित्रांनो, एकट्या पालकाने वाढवलेल्या मुलांबद्दल लिहायचं म्हटलं की ‘भावनिक पोकळी’, ‘संस्कार’ असे जड शब्द येतात. पोकळी असते, नाही कशाला म्हणू? पण आमची झोप उडवतात ते कागद.

त्यातही आमच्यात प्रकार आहेत. वडील वारले असतील तर मृत्यूचा दाखला असतो. घटस्फोट झाला असेल तर कोर्टाच्या निकालाची प्रत असते. पण नवरा नुसताच घर सोडून गेला, तर त्या बाईकडे दाखवायला काहीच नसतं. माझी आई यातली. स्कॉलरशिपच्या फॉर्मवर ‘वडील हयात आहेत का?’ याला ‘हो’ म्हणावं तर पुढे त्यांचा व्यवसाय विचारतात. ‘नाही’ म्हणावं तर दाखला कुठून आणायचा? ‘ठाऊक नाही’ असा तिसरा पर्यायच नाही.

सगळ्यात अवघड जात पडताळणी. ती मुख्यतः वडिलांकडच्या नात्यातून होते. ओबीसी असाल तर 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा शोधावा लागतो, म्हणजे बहुधा आजोबांचा शाळेचा दाखला. तो काकांच्या पेटीत. ज्या घराने बोलणं टाकलं, त्यांच्याच दारात आईने ‘भाऊजी, झेरॉक्स तरी द्या’ म्हणत उभं राहायचं. तिच्या तीन चकरा फुकट गेल्या. शेवटी आत्याने गुपचूप दाखला काढून दिला.

बदल होतायत, हेही खरं. डिसेंबर 2016 पासून पासपोर्टला एकाच पालकाचं नाव चालतं. डिसेंबर 2018 पासून, आई एकटी पालक असेल तर पॅनकार्डाला वडिलांचं नाव सक्तीचं नाही. 1 मे 2014 पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आईचंही नाव लावायचं, असं महाराष्ट्र सरकारने 2024 साली ठरवलं. (ती मुलं इंजिनिअरिंगला येईपर्यंत आपली एम-थ्री सुटलेली असेल अशी आशा!) बालसंगोपन योजनेची मदत मात्र अठराव्या वर्षी थांबते, नेमकी कॉलेजची फी सुरू होते तेव्हा.

विंगमध्ये एकाला वडिलांनी एकट्याने वाढवलंय. त्याला कागदांचा त्रास नाही, पण दिवाळीच्या सुट्टीत तो शेवटच्या दिवसापर्यंत मेसमध्येच जेवतो. विचारलं तर म्हणतो, ‘घरी फराळ कोण करणार?’

सरांना एकच विनंती. अटेंडन्स कमी पडली की ‘पालकांना घेऊन ये’ म्हणता, त्या दिवशी आईचा रोज बुडतो. फोनवर बोललात तर ती तितकंच झापते, खात्री बाळगा.

आणि ज्युनिअर्सपैकी कुणाला पडताळणीची फाईल करायची असेल तर रूमवर या. लागणाऱ्या कागदांची यादी माझ्या कपाटाच्या दारावर चिकटवलेली आहे. फक्त सबमिशनच्या आठवड्यात येऊ नका.