विम्याचा समभाग आणि दुष्काळाचे वर्ष

एका वर्षाच्या पिकावरून जमिनीची किंमत ठरवण्याची चूक अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील शेतकरी कधी करीत नाही. जिल्ह्याच्या पश्चिमेस अकोले तालुक्यातील भंडारदरा-घाटघर परिसरात धो-धो पाऊस कोसळतो, तर पाथर्डी, कर्जत, जामखेड हे तालुके पर्जन्यछायेत मोडतात. तेथे एखाद्या वर्षी बाजरी आणि तूर भरभरून येते, तर लागून येणाऱ्या वर्षी पेरणीचे बियाणेही वसूल होत नाही. त्यामुळे जमीन विकत घेताना जाणता माणूस ‘यंदा किती पिकले’ एवढेच विचारून थांबत नाही. दहा-पंधरा वर्षांत किती पिकले आणि दुष्काळाच्या वर्षी काय राहिले, हे तो आधी पाहतो.

शेअर बाजारात मात्र हे शहाणपण अनेकदा विसरले जाते. समभाग स्वस्त की महाग, हे ठरवण्यासाठी बहुसंख्य गुंतवणूकदार एकच आकडा पाहतात. तो म्हणजे किंमत-उत्पन्न गुणोत्तर, अर्थात ‘पी-ई’. समभागाच्या भावाला गेल्या वर्षीच्या प्रति समभाग नफ्याने भागले की हे गुणोत्तर मिळते. साबण किंवा औषधे बनविणाऱ्या कंपनीच्या बाबतीत त्यातून बरेच काही कळते. विमा कंपनीच्या बाबतीत मात्र हाच आकडा दिशाभूल करू शकतो.

हप्ता आधी, खर्च नंतर

इतर उद्योगांत वस्तूचा उत्पादन खर्च आधी कळतो आणि मग तिची किंमत ठरते. विम्यात हा क्रम उलटा आहे. हप्ता आधी जमा होतो आणि दावे पुढे केव्हातरी येतात. वर्षअखेरीस जो नफा दाखवला जातो, त्यात पुढे द्याव्या लागणाऱ्या दाव्यांचा अंदाज मिसळलेला असतो. शिवाय पूर, भूकंप, दुष्काळ ही संकटे आर्थिक वर्षाचे वेळापत्रक पाहून येत नाहीत. चार-पाच वर्षे शांत जातात, कंपन्या स्पर्धेपोटी हप्त्याचे दर उतरवतात आणि नफा चांगला दिसतो. मग एखादे मोठे संकट येते, नफा वाहून जातो, दर पुन्हा चढतात आणि नवे चक्र सुरू होते. या चक्राच्या कोणत्याही एका बिंदूवर उभे राहून काढलेले गुणोत्तर त्या बिंदूपुरतेच खरे असते.

यावरचा उपाय जुना आहे. बेंजामिन ग्रॅहॅम आणि डेव्हिड डॉड यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘सिक्युरिटी ॲनालिसिस’ या ग्रंथात नफ्याची सरासरी किमान पाच आणि शक्यतो सात ते दहा वर्षांची घ्यावी, असा आग्रह धरला होता. पुढे जॉन कॅम्पबेल आणि रॉबर्ट शिलर या अर्थतज्ज्ञांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही कल्पना अमेरिकी बाजाराला लावली. प्रत्येक वर्षाचा नफा महागाईनुसार आजच्या रुपयांत, म्हणजे त्यांच्या बाबतीत आजच्या डॉलरमध्ये, आणायचा आणि मग दहा वर्षांची सरासरी काढायची, अशी ही रीत आहे. शिलर यांना २०१३ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. त्यांचे गुणोत्तर संपूर्ण बाजारासाठी होते. पण ज्या उद्योगाचा नफा झोके घेतो, अशा एकेका कंपनीसही ती दृष्टी उपयोगी पडते.

नगरचे शेत, मुंबईची कंपनी

भारतात या पद्धतीची परीक्षा पाहण्यास जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजेच ‘जीआयसी री’, ही सरकारी कंपनी उत्तम उदाहरण ठरते. महाराष्ट्र दुष्काळाने होरपळत असताना, १९७२ च्या नोव्हेंबरमध्ये ही कंपनी मुंबईत स्थापन झाली. नोव्हेंबर २००० पासून ती राष्ट्रीय पुनर्विमा कंपनी आहे. विमा कंपन्या आपल्या जोखमीचा काही भाग जिच्याकडे सोपवतात, ती पुनर्विमा कंपनी. थोडक्यात, ती विमा कंपन्यांचा विमा उतरवते.

२०१६ च्या खरिपापासून पंतप्रधान पीकविमा योजना सुरू झाली आणि देशभरातील पीकविम्याच्या जोखमीचा मोठा हिस्सा जीआयसीकडे आला. कंपनीचे हप्त्यापोटीचे उत्पन्न २०१५-१६ मधील सुमारे १८,४०० कोटी रुपयांवरून एका वर्षात सुमारे ३३,७०० कोटींवर गेले. पाथर्डी-जामखेडसारख्या तालुक्यांतील कोरड्या खरिपाचा हिशेब अशा साखळीतून मुंबईच्या ताळेबंदापर्यंत पोहोचू लागला.

त्यानंतर वर्षभराने, ऑक्टोबर २०१७ मध्ये, कंपनीची भागविक्री झाली. भाव ठरला ९१२ रुपये. त्या भावाने कंपनीचे एकूण बाजारमूल्य सुमारे ८०,००० कोटी रुपये होत होते. २०१६-१७ चा नफा होता सुमारे ३,१२८ कोटी. म्हणजे गुणोत्तर २५ च्या थोडे वर. तेजीच्या त्या दिवसांत हा आकडा अनेकांना फारसा जाचक वाटला नाही.

पण हिशेब थोडा मागे नेला असता तर? २०११-१२ या वर्षी थायलंडमधील महापुरासह अनेक दाव्यांच्या भाराने कंपनीला सुमारे २,४६९ कोटींचा तोटा झाला होता. त्यानंतरच्या पाच वर्षांत अनुक्रमे सुमारे २,३४५, २,२५३, २,६९४, २,८४८ आणि ३,१२८ कोटींचा नफा झाला. तोट्याचे वर्ष धरून या सहा वर्षांची सरासरी जेमतेम १,८०० कोटी येते. तिच्याशी ताडून पाहता ८०,००० कोटी ही किंमत ४४ पट ठरते. महागाईची जोड दिली तरी ती चाळिशीच्या वरच राहते, कारण महागाईच्या हिशेबात जुना नफा वाढतो तसा जुना तोटाही वाढतो.

पुढे काय झाले, हे सर्वांसमोर आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यात नगर जिल्ह्यातील तालुकेही होते. कंपनीचा नफा २०१८-१९ मध्ये सुमारे २,२२४ कोटींवर उतरला आणि २०१९-२० मध्ये सुमारे ३५९ कोटींचा तोटा झाला. त्याचे कारण एकटा दुष्काळ नव्हता, पण विम्याच्या धंद्यात वाईट वर्ष परतून येते, हा धडा मात्र तोच होता. मार्च २०२० च्या अखेरीस, करोनाच्या घबराटीत, समभागाचा भाव शंभर रुपयांच्या आसपास होता. २०१८ मध्ये कंपनीने एकास एक बक्षीस समभाग दिले असल्याने मूळ ९१२ रुपयांचा भाव ४५६ समजावा लागतो. तरीही घसरण तीनचतुर्थांशाहून अधिक होती.

गंमत अशी, की नेमक्या त्याच वेळी नेहमीचे गुणोत्तर पूर्णपणे मुके झाले होते. नफाच नाही, तर भागायचे कशाने? दीर्घ सरासरी मात्र तेव्हाही बोलत होती. २०११-१२ ते २०१९-२० या नऊ वर्षांची, दोन्ही तोटे धरून काढलेली साधी सरासरी बक्षीस समभागांनंतर प्रति समभाग सुमारे १० रुपये होती. म्हणजे शंभराच्या भावाला दहा पट. जे मोजमाप २०१७ मध्ये समभाग महाग असल्याचे सांगत होते, तेच २०२० मध्ये तो तितका महाग राहिला नसल्याचे सांगत होते.

दहा वर्षांचा हिशेब

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने या कंपनीतील आपला काही हिस्सा ३९५ रुपये या किमान भावाने विक्रीस काढला. त्या भावावर पूर्ण रीत करून पाहता येते. त्याआधीच्या वर्षाचा, म्हणजे २०२३-२४ चा, नफा सुमारे ६,४९७ कोटी होता. एकूण समभाग सुमारे १७५.४४ कोटी. प्रति समभाग नफा ३७ रुपये, गुणोत्तर पावणेअकराच्या आतबाहेर. आकडा अगदी स्वस्त दिसतो.

आता २०१४-१५ ते २०२३-२४ ही दहा वर्षे घेऊ. नफा कोटी रुपयांत असा : २,६९४, २,८४८, ३,१२८, ३,२३४, २,२२४, उणे ३५९, १,९२०, २,००६, ६,३१२ आणि ६,४९७. साधी सरासरी सुमारे ३,०५० कोटी, प्रति समभाग साडेसतरा रुपयांच्या आत. या हिशेबाने ३९५ रुपये हा भाव जवळपास २३ पट ठरतो.

पण साधी सरासरी जुन्या वर्षांवर अन्याय करते. २०१४-१५ मधील रुपया आणि २०२३-२४ मधील रुपया एकच नव्हे. या काळात ग्राहक महागाई निर्देशांक सुमारे ५५ टक्क्यांनी वाढला. म्हणून २०१४-१५ चा २,६९४ कोटींचा नफा नंतरच्या रुपयांत सुमारे ४,१७० कोटी होतो. प्रत्येक वर्षाचा आकडा असा चढवून सरासरी काढली, तर ती सुमारे ३,७४० कोटी येते. प्रति समभाग सुमारे २१ रुपये आणि गुणोत्तर साडेअठराच्या घरात.

एकाच भावाचे हे तीन आकडे झाले : पावणेअकरा, तेवीस आणि साडेअठरा. पहिला चांगल्या वर्षाचे चित्र दाखवतो, दुसरा रुपयाची झीज विसरतो. तिसरा सर्वांत समतोल आहे, पण तोही अंतिम निर्णय देत नाही. तो एक प्रश्न समोर ठेवतो : शेवटच्या दोन वर्षांचा सहा हजार कोटींवरचा नफा हा नवा पायंडा आहे, की चक्रातील वरचा टप्पा?

वाईट वर्षे वगळू नयेत

येथे नगरच्या शेतकऱ्याच्या परिचयाचा एक हिशेब आठवण्यासारखा आहे. पीकविमा योजनेत भरपाई ठरवण्यासाठी ‘उंबरठा उत्पन्न’ काढतात. मागील सात वर्षांतील सर्वाधिक उत्पादनाची पाच वर्षे घेऊन त्यांची सरासरी काढली जाते आणि तिला जोखीमस्तराने गुणले जाते. सर्वांत वाईट दोन वर्षे मुद्दाम वगळली जातात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते न्याय्य आहे; दुष्काळाच्या वर्षांमुळे त्याचा उंबरठा खाली जाऊ नये, हा त्यामागचा हेतू.

गुंतवणूकदाराने मात्र नेमके उलटे केले पाहिजे. कंपन्यांचे अहवाल आणि दलालांची टिपणे अनेकदा तोट्याच्या वर्षाला ‘अपवादात्मक’ म्हणून बाजूला ठेवतात. विमा कंपनीच्या बाबतीत अपवाद हाच धंदा आहे. संकटाची जबाबदारी घेण्यासाठीच तिला हप्ता मिळतो. संकटाचे वर्ष वगळून काढलेली सरासरी म्हणजे १९७२, २०१२ आणि २०१८ ही वर्षे गाळून सांगितलेले नगरचे पाऊसमान होय.

दहा वर्षांची चौकटही पुरेलच असे नाही. २०१५ ते २०२४ च्या हिशेबातून २०११-१२ चा मोठा तोटा बाहेर पडला आहे, हे विसरता कामा नये. जेथे जुने अहवाल उपलब्ध असतील तेथे पंधरा वर्षे पाहणे अधिक सुरक्षित.

पद्धतीच्या मर्यादा

ही रीत सर्वत्र चालत नाही. पहिली अडचण बदलत्या धंद्याची. जीआयसीने २०१९-२० नंतर तोट्यातील व्यवसाय कमी केला. हप्त्यापोटीचे उत्पन्न सुमारे ५१,००० कोटींवरून २०२३-२४ मध्ये सुमारे ३७,००० कोटींवर आले. कंपनी खरोखर सुधारली असेल, तर जुनी सरासरी तिला कमी लेखते. दुसरे असे, की विमा कंपनीच्या नफ्यात गुंतवणुकीवरील उत्पन्नाचा मोठा वाटा असतो. जीआयसीत शंभर रुपये हप्त्यामागे दावे आणि खर्च मिळून शंभराहून अधिक जातात आणि ती तूट गुंतवणूक भरून काढते. तेजीत जुने समभाग विकून वाढलेला नफा दरवर्षी मिळत नाही.

तिसरी मर्यादा आयुर्विम्याची. मे २०२२ मध्ये ९४९ रुपयांना भागविक्री झालेल्या भारतीय आयुर्विमा महामंडळाचा नफा २०२१-२२ मध्ये सुमारे ४,०४३ कोटी होता. पुढच्याच वर्षी तो ३६,३९७ कोटी झाला. धंदा नऊ पट वाढला नव्हता. विमा निधीतील शिल्लक भागधारकांच्या खात्यात वळविण्याची रीत बदलली होती. अशा दोन आकड्यांची सरासरी निरर्थक ठरते. आयुर्विम्यात पॉलिसींतून पुढे मिळू शकणाऱ्या नफ्याचे आजचे मूल्य, म्हणजे ‘एम्बेडेड व्हॅल्यू’, हे मोजमाप अधिक वापरले जाते.

आणि शेवटचे म्हणजे, खरेदी-विक्रीचा मुहूर्त या गुणोत्तरातून सापडत नाही. अमेरिकी बाजार महाग झाल्याचा इशारा शिलर यांच्या आकड्यांनी १९९६ मध्येच दिला होता. बाजार त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ चढतच राहिला.

हिशेब करताना

१. कंपनीच्या वार्षिक अहवालांतून किमान दहा वर्षांचा निव्वळ नफा घ्यावा. तोटा उणे चिन्हासह धरावा.

२. प्रत्येक आकडा ग्राहक महागाई निर्देशांकाच्या साह्याने ताज्या वर्षाच्या रुपयांत आणावा.

३. सरासरी काढून तिला आजच्या एकूण समभागांनी भागावे. बक्षीस समभाग आणि नवी भागविक्री विसरू नये.

४. आजच्या भावाला या सरासरीने भागावे आणि नेहमीच्या गुणोत्तराशी तुलना करावी. दोहोंत मोठी तफावत असेल, तर तिचे कारण सापडेपर्यंत खरेदी लांबणीवर टाकावी.

या कामाला एक वही आणि एक संध्याकाळ पुरते. आयुष्यभराची बचत भागविक्रीत घालणाऱ्या निवृत्त शिक्षकाने किंवा व्यापाऱ्याने ती संध्याकाळ जरूर खर्च करावी. समभागाची जाहिरात बहुधा चांगल्या वर्षानंतर येते. दुष्काळाच्या वर्षाचा हिशेब मात्र ज्याचा त्यालाच मांडावा लागतो.