देवाची भीती नको, गोडी लागू दे!

जळगावात आमच्या गल्लीतल्या मंदिरात मी दर रविवारी बालसंस्कार वर्ग घेते. चार ते सात वर्षांची वीस-पंचवीस मुलं येतात. सुरुवातीला मला एकच ध्यास, पाठांतर! ज्याचे श्लोक जास्त, त्याला शाबासकी.

एका रामनवमीला मी स्पर्धा ठेवली. पाच वर्षांची एक चिमुरडी माईकसमोर शब्द विसरली आणि घाबरून तिची चड्डी ओली झाली. मुलं हसली. पुढचे तीन रविवार ती आलीच नाही. घरी गेले, तर धुळ्याकडची तिची आजी म्हणाली, ‘‘ताई, पोर भ्यायनी, मंग तिले देव कसा गोड लागी?’’

मी निरुत्तर झाले. चूक माझीच होती.

तेव्हा आठवली आपली भुलाबाई! भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत खान्देशात घरोघरी येणारी. टिपऱ्यांच्या ठेक्यात हात, पाय, कान एकत्र चालतात. गाण्यांतून शब्द येतात. खिरापतीचा डबा हलवून, वास घेऊन आत काय ते ओळखताना डोकं चालतं. चुकलं तरी कुणी रागवत नाही आणि खाऊ सगळ्यांना सारखा! २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी पंचकोश विकास सांगितलाय आणि भर आहे तो खेळ, गाणी, गोष्टींवर. आपल्या आज्यांना हे आधीच ठाऊक होतं म्हणायचं!

आता वर्ग बदललाय. मुलं आधी चपलांच्या जोड्या लावतात, मोजतात. फुलं रंगांप्रमाणे वेगळी करून हार ओवतात, बोटांना वळण लागतं. मग गोष्ट. आपल्या मुक्ताईनगरची मुक्ताई! रागावून दार लावून बसलेल्या ज्ञानदादाला धाकट्या बहिणीनं कसं समजावलं, ते सांगते आणि विचारते, ‘‘तुम्ही रुसल्यावर काय करता रे?’’ मुलं भरभरून बोलतात. श्लोक एकच, तोही सगळ्यांनी मिळून. प्रसाद मुलंच वाटतात, स्वतः शेवटी घेतात. मुलगेसुद्धा!

आणि ती चिमुरडी? आजीचं बोट धरून परत आली. महिनाभर नुसतीच बसायची. मी काही विचारलं नाही. एका रविवारी तिनं खिरापतीचा डबा हातात घेतला, खळखळ हलवला आणि मोठ्यानं ओरडली, ‘‘ओळखा पाहू!’’

श्लोक तिला अजून अर्धाच येतो. येईल की सावकाश, घाई कसली?