चढण आणि उतरण

मृगाचा पहिला दमदार पाऊस कोसळला, ओढ्याला गढूळ लोंढा आला, की कोकणात आणि घाटाच्या पायथ्याच्या गावांत माणसं रात्री बॅटऱ्या घेऊन बाहेर पडतात. चढणीचे, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट निघालेले मासे आलेले असतात. रायगड-ठाण्याकडे हीच वलगण. मासे गाभोळीनं तट्ट फुगलेले असतात आणि त्या गाभोळीसाठीच माणसं भिजत उभी राहतात. ज्यांच्या जिभेवर ती चव आहे त्यांना माझं म्हणणं कडू लागेल, तरी ते सरळ मांडतो: पहिली चढण सोडून द्यावी, मासे उतरणीला, म्हणजे खाली परतताना धरावेत.

यामागचं कारण माशांच्या त्या प्रवासातच आहे, आणि तो प्रवास विलक्षण आहे. उन्हाळ्यात ओढा तुटतो; मासे उरल्यासुरल्या डोहांत किंवा खालच्या नदीत दिवस काढतात. पहिल्या लोंढ्यानं पाणी एकदम गार होतं, त्यात प्राणवायू वाढतो, प्रवाह अंगाला भिडतो आणि पिकलेली मादी त्या प्रवाहाच्या उलट निघते. मळ्याच्या हनुवटीखाली चकतीसारखा अवयव असतो. त्याच्या आधारानं तो खळाळत्या पाण्यातही कातळाला धरून राहतो आणि थांबत थांबत वर सरकतो. मरळ हवेतूनही श्वास घेते, म्हणून ओल्या गवतातून एका खाचरातून दुसऱ्यात जाते. लहान खवल्यांचे मासे भाताच्या खाचरांत शिरतात, कारण नदीच्या मुख्य धारेत अंडी वाहून जातील आणि पिल्लं मोठ्या माशांच्या तोंडी पडतील. खाचरातलं पाणी उथळ आणि उबदार असतं. अंडी गवताच्या काड्यांना चिकटतात, पिल्लांना सूक्ष्म जीवांचं खाद्य आयतं मिळतं. वाहत्या पाण्याची ही गरज किती खोल असते, याचा पुरावा मत्स्यशेतीतच आहे. रोहू-कटला हे गंगेकडचे मासे. तळ्यात ते उत्तम वाढतात, पण साचल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांचं प्रजनन घडवलं, तेव्हा कुठे तळ्यातल्या मत्स्यशेतीला हक्काचं बीज मिळू लागलं. आपल्या ओढ्यावर हे काम पाऊस फुकट करतो. तिथे मादीची वाट अडवली, तर त्या वर्षीची पिढीच अडते.

ही वाट ज्या साधनांनी अडते त्यांविषयी थोडक्यात: गळ, पाग, खोईन म्हणजे कामट्यांचा सापळा ही जुनी, नायलॉनची बारीक आसाची जाळी, ब्लिचिंग पावडर, कीटकनाशक, विजेचा झटका ही नवी. सुरुंग आणि विष १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. गेळफळासारख्या वनस्पती वापरून मासे गुंगवण्याची रीतही जुनीच, पण तीही पिल्लं आणि मोठे मासे यांत भेद करत नाही.

पहिला आक्षेप असा, की एका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात, चार माद्या खाल्ल्या तर काय बिघडलं? त्या हजारांतून मोठी होणारी पिल्लं मोजकीच असतात. म्हणून तर अंडी इतकी. शिवाय चढणीत डोहाडोहांत विखुरलेले मासे एका अरुंद घळीतून जातात. तिथे काठापासून काठापर्यंत जाळं लावलं, की चार नव्हे, ओढ्यातल्या बहुतेक माद्या एका रात्रीत संपतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: खरा घात सिमेंटच्या बांधांनी आणि शेतातल्या औषधांनी केला, मग दोष खोईनवाल्याच्या माथी का? हे मला मान्यच आहे. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे (फळ्या) पावसाळ्याआधी काढतात, म्हणून माशाला वाट उरते. नाल्यावरची कायमची भिंत तेवढीही उरू देत नाही. तिच्या खालच्या अंगाला मोठ्या दगडांचा सौम्य उतार रचणं बांधणाऱ्यांचं काम आहे आणि ते त्यांच्याकडून करून घेतलंच पाहिजे. पण वाट आधीच चिंचोळी झाल्यावर उरलेल्या वाटेवर जाळं लावणं पूर्वीपेक्षा अधिक महागात पडतं.

तिसरा आक्षेप: हे शहाणपण शहरातून आलेलं आहे. तसं मुळीच नाही. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्सनं दख्खनच्या नद्यांतले मासे शास्त्रीय ग्रंथांत नोंदवले, तेव्हा मळ्या, शिंगटी ही इथलीच नावं त्यानं शास्त्रीय नावांत घेतली. मासे वेगळे ओळखणारे डोळे आधीपासून इथेच होते. संयमही इथलाच आहे. महाडजवळचं वाळणकोंड किंवा वाडा तालुक्यातलं वैतरणेकाठचं तिळसे इथे देवाचे मासे म्हणून कुणी गळ टाकत नाही, आणि आजही मोठाले महसीर काठाशी येतात. समुद्रावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौका बंद असतात आणि मच्छीमार ते पाळतात. ओढ्याला मात्र असा विसावा नाही.

राहिला प्रश्न पोटाचा. कातकऱ्यांच्या, ठाकरांच्या घरी आषाढात हातात दुसरं काही नसताना ओढाच ताट भरतो. त्यांच्यावर सरसकट बंदी लादणं अन्याय होईल. म्हणून मागणी मर्यादित ठेवावी. पहिल्या दोन-तीन लोंढ्यांत काठापासून काठापर्यंत जाळं नको, अर्धं पात्र मोकळं हवं. गळानं आणि हातानं धरलेल्या माशांना, खेकड्यांना आडकाठी नको. भाद्रपदात पाणी ओसरू लागलं, की खोईनीचं तोंड वरच्या बाजूला फिरवावं. तेव्हा अंडी टाकून मोकळे झालेले मासे खाली येतात. गाभोळी मिळणार नाही, हे खरं. पिल्लं निसटतील एवढ्या फटी कामट्यांत मात्र ठेवाव्यात. अनुसूचित क्षेत्रांत लहान जलसाठ्यांचं नियोजन १९९६ च्या पेसा कायद्यानं पंचायतींकडे दिलेलं आहे, तेव्हा वरून हुकूम येण्याची गरज नाही. वैशाखातल्या ग्रामसभेत घळी कोणत्या आणि लोंढे किती, एवढं ठरवून ठराव करता येतो.