कशाने गेला?

मण्यार बहुधा रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला. दंश फारसा दुखत नाही, सूजही जवळपास नसते. काही तासांत पापण्या जड होतात, गिळता येईनासं होतं, श्वास अडू लागतो. दवाखाना लांब असला, रात्रीचं वाहन मिळालं नाही किंवा आधी मांत्रिकाकडे नेलं, तर माणूस हाती लागत नाही. तो कशाने गेला हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. देशाच्या आकडेवारीला मात्र असे मृत्यू कित्येक दशकं दिसलेच नव्हते.

ते दिसले २०११ साली. ‘मिलियन डेथ स्टडी’ या पाहणीवर आधारलेल्या शोधनिबंधाने सांगितलं, की २००५ या एका वर्षात भारतात सर्पदंशाने सुमारे ४५,९०० माणसं दगावली. रुग्णालयांच्या सरकारी नोंदींपेक्षा हा आकडा ३० पटींहून अधिक होता. त्याआधी तीनच वर्षं प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजाने भारताच्या नावावर सुमारे ११,००० मृत्यू मांडले होते. २०११च्या शोधनिबंधानुसार ९७ टक्के मृत्यू खेड्यांतले होते, चारांपैकी तीन रुग्णालयाबाहेरचे, आणि सर्वाधिक जून ते सप्टेंबरमधले, म्हणजे ऐन पेरणी-लावणीच्या दिवसांतले. रुग्णालयाच्या रजिस्टरवर विसंबून राहिलं असतं तर यातलं काहीच कळलं नसतं.

हा आकडा आला तो लोकांच्या अंगणात बसून. देशाच्या महानिबंधक कार्यालयाचे कर्मचारी नमुन्यादाखल निवडलेल्या गावांत आणि वस्त्यांत दर सहा महिन्यांनी फिरतात आणि जन्म-मृत्यू टिपतात. ज्या घरात मृत्यू झाला असेल तिथे पाहणी करणारा जातो आणि आजाऱ्याची शुश्रूषा ज्यांनी केली त्यांच्याशी बोलतो. ताप किती दिवस होता? थंडी वाजून यायचा का? पायावर सूज होती? छातीत दुखलं होतं का, तंबाखूची सवय होती का? शेवटी साधारण अर्ध्या पानाची हकीकत तिथल्याच भाषेत उतरवून घेतली जाते. महाराष्ट्रात ती मराठीत असते. मग दोन डॉक्टर एकमेकांना न विचारता ती वाचतात आणि आपापलं निदान लिहितात. मतं जुळली नाहीत तर पुन्हा विचार होतो, आणि तरीही अडलं तर तिसरा, अधिक अनुभवी डॉक्टर निकाल देतो. या पद्धतीचं नाव ‘व्हर्बल ऑटोप्सी’. महानिबंधक कार्यालय आणि टोरांटोचे साथरोगतज्ज्ञ प्रभात झा यांनी ती फार मोठ्या प्रमाणावर राबवली. २००१ ते २००३ या काळातल्या सव्वा लाखाच्या आसपास मृत्यूंमधून सर्पदंशाचे ५६२ निघाले, आणि त्या ५६२ हकीकतींवर देशाचा अंदाज उभा राहिला.

परिणाम व्हायला वेळ लागला, पण तो झाला. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं. भारताने २०२४ साली राष्ट्रीय कृती आराखडा आणला आणि त्याच वर्षी केंद्राने राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करण्यास सांगितलं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारी प्रतिविषाची लस मुंबईच्या हाफकिनमध्येही बनते. ती कोणत्या तालुक्यात किती ठेवायची, हे ठरवायला आधी मृत्यू कुठे होतात ते माहीत असावं लागतं.

जगभरच्या रोगांचा एकत्र हिशेब मांडण्याची सुरुवातही अशाच एका विसंगतीतून झाली. १९८०च्या दशकात ख्रिस्तोफर मरे हा तरुण संशोधक आणि जागतिक आरोग्य संघटनेतले लोकसंख्याशास्त्रज्ञ अ‍ॅलन लोपेझ बालमृत्यूंचे आकडे तपासत होते. अतिसार, गोवर, न्यूमोनिया, मलेरिया, प्रत्येक रोगावर काम करणारा विभाग वेगळा आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा. सगळ्यांची बेरीज केली तर जगात मुळात जितकी मुलं दगावत होती त्याहून मृत्यू जास्त भरत होते. एकच मूल दोन-दोन खात्यांवर मांडलं जात होतं. म्हणून दोघांनी एक साधा नियम घातला: एका मृत्यूला एकच मूळ कारण, आणि बेरीज एकूण मृत्यूंच्या बाहेर जाता कामा नये. जागतिक बँकेच्या १९९३च्या अहवालासाठी त्यांनी केलेलं काम पुढे ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. सिएटलमधली एक संस्था आज ते चालवते. २०२१ या वर्षाच्या फेरीत २०४ देश-प्रदेश, ३७१ आजार व दुखापती आणि ८८ जोखमी मोजल्या गेल्या.

नुसते मृत्यू मोजून भागत नाही. पाठदुखीने कोणी मरत नाही, पण २०२० साली जगात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबर-पाठदुखी होती. अपंगत्वासह जगलेली सर्वाधिक वर्षं याच दुखण्याच्या खात्यावर जमा होतात. अशी दुखणी हिशेबात यावीत म्हणून ‘डॅली’ हे माप आलं. अकाली मृत्यूने हिरावलेली वर्षं आणि आजारात काढलेली वर्षं यांची ती बेरीज. एक डॅली म्हणजे निरोगी आयुष्यातलं एक वर्ष हरवलं. या मापाने मोजल्यावर १९९०च्या यादीत नैराश्य जगात चौथं आलं. मृत्यूच्या यादीत ते जवळपास दिसतच नव्हतं.

मात्र आजारातलं एक वर्ष निरोगी वर्षाच्या किती टक्के, हे ठरवायचं कोणी? आधी ते आरोग्यक्षेत्रातल्या जाणकारांनी ठरवलं आणि अंधत्वाला ०.६ भार दिला, म्हणजे मृत्यूच्या अर्ध्याहून अधिक. २०१०च्या फेरीसाठी बांगलादेश, इंडोनेशिया, पेरू, टांझानिया आणि अमेरिकेतल्या सामान्य लोकांना विचारलं, आणि तोच भार ०.२च्या आत आला. दृष्टिहीनांच्या जगण्यात तिळमात्र फरक पडला नव्हता, तरी त्यांचं ओझं कागदावर एक तृतीयांशावर आलं. नेत्रतज्ज्ञांनी यावर टीका केली, आणि ती रास्त होती.

भारताचा राज्यवार हिशेब २०१७ साली प्रसिद्ध झाला. १९९० साली देशातल्या एकूण रोगभारात संसर्गजन्य, माता-बालकांच्या आणि कुपोषणाशी निगडित आजारांचा वाटा ६१ टक्के होता. २०१६पर्यंत तो ३३ टक्क्यांवर आला. हृदयरोग, मधुमेह, श्वसनविकार यांसारख्या आजारांचा वाटा याच काळात ३० वरून ५५ टक्क्यांवर गेला. केरळने हे वळण बिहारच्या कितीतरी आधी घेतलं होतं. एवढं होऊनही सर्वांत मोठी जोखीम ठरली ती माता आणि बालकांचं कुपोषण. जुनं दुखणं संपण्याआधीच नवं घरात शिरलं आहे, आणि जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला दोन्ही एकाच तुटपुंज्या निधीत भागवावी लागतात.

कोणी विचारलंच नाही तर काय दडून राहतं, याचं उदाहरण गडचिरोलीत आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग आढळला, त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढीच सरकारी व्याख्या होती.

नातेवाइकांच्या हकीकतीलाही मर्यादा आहेत. साप चावला हे घरच्यांना कळतं, पण ताप मलेरियाचा की आणखी कशाचा, हे त्यांनी कसं सांगावं? ‘मिलियन डेथ स्टडी’नेच २०१० साली भारतात ७० वर्षांखालच्या मलेरियाबळींचा आकडा वर्षाला सुमारे २,०५,००० काढला. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता १५,०००. संघटनेने पद्धतीवरच आक्षेप घेतला आणि वाद पेटला. जिथे नोंदीच नाहीत तिथे गणिती प्रारूपं शेजारच्या प्रदेशांवरून आकडा बांधतात. म्हणून अशा अहवालातल्या प्रत्येक आकड्याशेजारची किमान-कमाल मर्यादाही वाचायला हवी. बातम्यांत ती बहुधा गाळलेली असते.

यावर खरा उपाय एकच आहे: मृत्यूचं कारण वेळच्या वेळी आणि नीट नोंदणं. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलं होतं. गोव्यात ते प्रमाण १०० टक्के होतं, म्हणजे हे अशक्य नाही. प्रमाणपत्र असलं तरी त्यावर बऱ्याचदा ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ एवढंच लिहिलेलं असतं. हृदयक्रिया प्रत्येकाचीच बंद पडते. ती मधुमेहाने बिघडलेल्या मूत्रपिंडांमुळे पडली की क्षयामुळे, हे लिहायला त्या नमुन्यात खालच्या ओळी दिलेल्या असतात आणि त्याच कोऱ्या राहतात. संशोधक अशा नोंदींना ‘गार्बेज कोड’ म्हणतात आणि त्या अंदाजाने इतर कारणांमध्ये वाटून टाकतात. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीनुसार रुग्णालयाने मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र निबंधकाला पाठवायचं असतं आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही द्यायची असते. ती मागून घ्यावी, वाचावी, आणि खालच्या ओळी कोऱ्या दिसल्या तर डॉक्टरांना तिथल्या तिथे विचारावं.