आगगाडीचा डबा : शहात्तरपट लहान

आगगाडीचा एक डबा हुबेहूब, पण ७६ पटींनी लहान करायचा आहे. प्रत्येक माप ७६ ने भागले की काम झाले, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात या भागाकाराच्या आधी बराच शोध घ्यावा लागतो, आणि नंतर काही ठिकाणी भागाकार चक्क मोडावा लागतो.

जुन्या डब्यांच्या प्रतिकृती संचापासून घडविण्याचा छंद ब्रिटनमध्ये चांगलाच रुजलेला आहे. तेथील रूढ प्रमाण आहे एका फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे १:७६.२. उदाहरणासाठी लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश कंपनीचा (१९२३ ते १९४७) ५७ फुटी डबा घेऊ. प्रतिकृतीची लांबी होईल २२८ मिलिमीटर. संचात पितळेच्या पत्र्यावर कोरलेल्या बाजू आणि काही ओतीव भाग मिळतात. बाकीची माहिती ज्याची त्याने मिळवायची.

त्यातला पहिला प्रश्न असा, की डबा कोणत्या वर्षीचा? एकच डबा तीस-चाळीस वर्षे धावतो आणि तेवढ्यात बदलत जातो. गॅसचे दिवे जाऊन विजेचे आले, की डब्याखालच्या गॅसच्या टाक्या जातात आणि तेथे बॅटरीच्या पेट्या येतात. १९४८ मध्ये ब्रिटिश रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर रंगही बदलले. वर्ष ठरविल्याशिवाय डबा ठरत नाही.

यासाठी मुख्य आधार छायाचित्रांचा. डर्बीच्या कारखान्यात काढलेली अधिकृत छायाचित्रे यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपलेली आहेत. पण जुने कृष्णधवल चित्र रंगाच्या बाबतीत भलताच चकवा देते. चांदीचे क्षार मुळात निळ्या व जांभळ्या प्रकाशालाच संवेदनशील असतात. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने योग्य रंजकद्रव्य मिसळून ही संवेदनशीलता हिरव्या प्रकाशापर्यंत नेली. तांबडा प्रकाश मात्र अशा काचांना जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे या कंपनीचा गडद किरमिजी डबा चित्रात काळा वाटतो आणि निळे आकाश पांढरेफटक येते. सर्व रंगांना संवेदनशील काचा १९०६ पासून मिळू लागल्या, पण जुन्या प्रकारच्याही पुढे अनेक वर्षे वापरात होत्या. म्हणून चित्र वाचण्याआधी ते कशावर काढले, हे पाहावे लागते.

वर्गात हे सहज दाखविता येते. फळ्यावर पांढऱ्या आणि तांबड्या खडूने शेजारी शेजारी जाड रेघा ओढा. निळ्या जिलेटिन कागदाच्या दोन-तीन घड्या करून त्यातून मुलांना पाहू द्या. पांढरी रेघ निळी दिसेल, तांबडी काळ्या फळ्यात बरीचशी विरून जाईल.

आपल्या ‘डेक्कन क्वीन’चेच पाहा ना. १ जून १९३० रोजी ती सुरू झाली तेव्हा तिचे दोन संच होते. एक रुपेरी, त्यावर शेंदरी पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. खालचे सांगाडे इंग्लंडमधून आले, वरचे डबे माटुंग्याच्या कारखान्यात बांधले गेले. तांबडा न ओळखणाऱ्या काचेवर निळा संच डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा फिकट येईल आणि शेंदरी पट्ट्या काळपट. अशा वेळी लेखी नोंद सापडली तर ती सोन्यासारखी! नुसत्या चित्रावरून रंग ठरविणाऱ्यावर आम्ही तरी विश्वास ठेवणार नाही.

आता पत्र्याकडे वळू. पितळी पत्र्याच्या दोन्ही बाजूंना प्रकाशसंवेदी लेप देतात, त्यावर आराखड्याची प्रतिमा पाडतात आणि उघडा राहिलेला धातू फेरिक क्लोराइडच्या द्रावणाने खातात. फेरिक क्लोराइड तांब्याला क्लोराइडरूपात विरघळविते आणि स्वतः फेरस होते. जस्तही असेच जाते. दोन्ही बाजूंनी खाल्ले की आरपार खिडकी, एकाच बाजूने खाल्ले की निम्म्या जाडीची खाच. या खाचेवर पत्रा नेमका दुमडतो. खाच घडीच्या आतल्या अंगाला ठेवायची. बाजूवरच्या उठावाच्या पट्ट्याही अशाच होतात, भोवतालचा धातू खाऊन. पण द्रावण जसे खोल जाते तसे लेपाखाली आडवेही पसरते, म्हणून फार अरुंद खाच करता येत नाही.

पत्र्याची जाडी ०.२५ मिलिमीटर धरली, तर मूळ प्रमाणात ती १९ मिलिमीटर होते. मूळ डब्याचा पत्रा २ मिलिमीटरचा असेल, तर आपला पत्रा हवा केसाहूनही पातळ. ते शक्य नाही. भागाकार मोडला तो येथे पहिल्यांदा.

जोडणी डाख देऊन. कथील व शिसे ६३:३७ या प्रमाणात घेतले, तर डाख १८३ अंश सेल्सियसला वितळतो. पांढऱ्या मिश्रधातूच्या ओतीव भागांसाठी ७० अंशांना, म्हणजे उकळत्या पाण्यापेक्षाही कमी तापमानाला वितळणारा डाख मिळतो. आधी जास्त तापमानाचे सांधे, मग कमी तापमानाचे. क्रम उलटला की आधीचे सांधे सुटतात. शिसे असल्यामुळे खिडकी उघडी ठेवावी आणि हात धुवावेत. सांध्यावरचे आम्ल त्याच दिवशी धुवून काढावे, नाहीतर पितळेवर हिरवट डाग येतात.

वजनाची गंमत वेगळीच. लांबी ७६.२ पटींनी घटते, पण वजन त्याच्या घनाने. ३० टनांचा डबा झाला ६८ ग्रॅमचा! एवढा हलका डबा रुळांच्या सांध्यावर उडतो, म्हणून आत शिसे भरतात.

सर्वांत मोठी तडजोड रुळांची. १४३५ मिलिमीटरच्या रुळांचे या प्रमाणात १८.८३ मिलिमीटर व्हायला हवेत, पण रूढ रूळ १६.५ चे आहेत. ते १:८७ या युरोपीय प्रमाणाचे. ब्रिटिश इंजिने मुळातच लहान. त्या प्रमाणात केली तर आत मोटार मावेना. म्हणून वरचा भाग मोठा केला, रूळ तसेच ठेवले. काही चिकाटीचे लोक १८.८३ चे रूळ स्वतः घालतात. आपल्या १६७६ मिलिमीटरच्या रुळांसाठी हेच माप २२ मिलिमीटर होईल.

उरले वळण. आपण बोलताना अख्ख्या डब्याला बोगी म्हणतो. खरे तर बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा. दोन बोगींच्या केंद्रांमधले अंतर १६२ मिलिमीटर आणि खेळण्यातल्या वळणाची त्रिज्या ४३८ मिलिमीटर घ्या. डब्याचा मध्य आत किती सरकेल? अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट : सुमारे ७.५ मिलिमीटर. रुळांचे निम्मे अंतर ८.२५ आहे, म्हणजे मध्य जवळजवळ आतल्या रुळावर येतो. खऱ्या २०० मीटर त्रिज्येच्या वळणावर हेच सरकणे ९.५ सेंटिमीटर, म्हणजे प्रतिकृतीत सव्वा मिलिमीटर. त्यासाठी मात्र २.६ मीटर त्रिज्येचे वळण घालावे लागेल. पुठ्ठ्याची २२८ मिलिमीटर लांब पट्टी, दोन टाचण्या आणि जमिनीवर खडूने काढलेली दोन वळणे घेऊन मुलांना हे मोजता येईल.